न तुटलेली वायर

वर्षभर या सदरात मी एक पान भरतो. दिवाळी अंक आला की संपादक म्हणतात, "यंदा जरा ऐसपैस लिहा." ऐसपैस लिहा म्हटले की माणसाला नेमके काही सुचेनासे होते. या खेपेला मात्र गेल्या दिवाळीचा एक प्रसंग हाताशी आहे, आणि तो माझा नसून माझ्या पुतण्याचा आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरचे झाकण दाबून धरण्यापुरता. तेव्हा पुढे जे येईल त्यातले यंत्रशास्त्र पुतण्याचे आणि विषयांतरे माझी, हे वाचकांनी आधीच ध्यानात ठेवावे.

पुतण्या इंजिनियर आहे. पुण्यात नोकरी लागल्यापासून तो आमच्याकडेच राहतो. त्याचे काम काय, असे शेजारचे आजोबा विचारीत, तेव्हा मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" असे सांगून मोकळा होत असे. हे उत्तर आजकाल कोणालाही लागू पडते. खरे काम मला कळले ते गेल्या नरक चतुर्दशीला. पहाटे उटणे कालवून ठेवलेले, पाणी तापलेले, सौ. दोनदा दारापर्यंत जाऊन आलेली, आणि चिरंजीवांचा पत्ता नाही! आदल्या संध्याकाळी कारखान्यात गेला तो रात्रभर तिथेच. सहा वाजता फोन केला तर म्हणाला, "काका, तुम्ही आंघोळी उरकून घ्या. इथे एक चाचणी पास झाली आहे."

"मग अडचण काय?"

"पास व्हायला नको होती," तो म्हणाला.

त्याच्या या वाक्याचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले.

गाडीच्या ब्रेकला हल्ली मेंदू असतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी अडकते आणि गाडी घसरत जाते. ते होऊ नये म्हणून हा मेंदू चाक किती वेगाने फिरते आहे ते सतत पाहतो, आणि चाक अडकते आहे असे दिसताच तेवढ्यापुरता ब्रेकचा दाब सोडून पुन्हा धरतो. यालाच एबीएस म्हणतात. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना तो सक्तीचा झाला. आता हा मेंदू नीट चालतो की नाही हे पाहायचे कसे? प्रत्येक वेळी गाडी घाटात नेऊन, पाऊस पाडून, वायर तोडून पाहता येत नाही. चालक तरी किती मिळणार!

म्हणून हे लोक एक नाटक उभे करतात. ब्रेकचा मेंदू खरा, अगदी गाडीत बसणारा डबा. बाकी सगळे खोटे. चाके खोटी, रस्ता खोटा, पाऊस खोटा, ड्रायव्हरही खोटा. कॉम्प्युटरमध्ये गाडीचे गणित मांडलेले असते आणि ते गणित त्या डब्याला खऱ्यासारखे विजेचे संकेत पुरवते. डब्याला वाटते, आपण गाडीत आहोत. तो ब्रेक सोडतो, धरतो. तिकडे गणितातली गाडी त्याप्रमाणे वेग कमी करते आणि नवे संकेत पाठवते. खरा नट आणि खोटा रंगमंच. आपल्या भाषेत रंगीत तालीम.

यातली मेख वेळेची आहे. गणित एका सेकंदात हजार वेळा करायचे असते. दर हजारांश सेकंदाला उत्तर तयार पाहिजे. उत्तर बरोबर असून उशिरा आले तर ते चूकच. घरच्या कॉम्प्युटरला ही शिस्त नसते. आपण पत्र लिहिताना तो मध्येच काहीतरी चाळायला जातो आणि अर्ध्या सेकंदाने परत येतो. आपल्याला कळतही नाही. ब्रेकच्या डब्याला मात्र अर्ध्या सेकंदात पाचशे वेळा "चाक कुठे आहे?" असे विचारायचे असते. म्हणून अशा कामाला वेळेची हमी देणारी निराळी कार्यप्रणाली लागते. पूर्वी त्यासाठी खास बनवलेल्या, थोड्या लोकांना ठाऊक असलेल्या प्रणाली वापरीत. अलीकडे बरेच जण लिनक्सकडे वळले आहेत. लिनक्सला ही वेळेची शिस्त लावण्याचे काम सुमारे वीस वर्षे चालले होते आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ते मूळ लिनक्समध्ये दाखल झाले.

आणि इथूनच पुतण्याच्या दिवाळीला ग्रहण लागले. कारण प्रणाली बदलली की तिच्यावर चालणारे सगळे बदलते. त्यांच्या प्रयोगशाळेत चाचणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. नव्या आवृत्तीत सोयी पुष्कळ होत्या: गाडीचे गणित यंत्राच्या अनेक गाभ्यांवर वाटून चालवता येते, चाचण्या पायथॉन भाषेत लिहिता येतात, दुसऱ्यांनी बनवलेले गणिती नमुने अधिक सुलभपणे जोडता येतात. या नमुन्यांच्या देवाणघेवाणीसाठी एफएमआय नावाचा सामाईक करार आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१४ ची, तिसरी २०२२ ची; आणि तिसरीसाठी बांधलेला नमुना दुसरी जाणणाऱ्या यंत्राला उमगत नाही. जुन्या प्रणालीसाठी बांधलेले नमुने नव्या प्रणालीवर पुन्हा बांधावे लागतात. नव्या आवृत्तीत एकदा साठवलेले काम जुन्या आवृत्तीत उघडत नाही. थोडक्यात, घर बदलल्यासारखे. प्रशस्त जागा मिळते, पण पहिले चार महिने चहाची गाळणी सापडत नाही.

गाळणी सापडली नाही तर निदान कळते तरी. पुतण्याच्या बाबतीत जे घडले ते कळत नव्हते.

ब्रेकच्या त्या डब्यात एक दोष होता. चाकाचा वेग सांगणारी वायर सैल होऊन क्षणभर तुटली, तर डबा कधीकधी समजायचा की चाकच थांबले, आणि ब्रेकचा दाब सोडून द्यायचा. शंभर वेळा वायर तोडली तर तीन वेळा असे व्हायचे. शंभरात तीन ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "काका, घाट उतरताना त्या तीनांतली एक तुमच्या वाट्याला आली तर?" मी चिवड्याची बशी खाली ठेवली.

डबा बनवणाऱ्यांनी दोष दुरुस्त करून नवे सॉफ्टवेअर पाठवले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतले चाचणीचे सॉफ्टवेअरही बदलले. धनत्रयोदशीला चाचणी लावली: शंभरपैकी शंभर पास. सगळ्यांनी एकमेकांना पेढे दिले. अहवालावर पुतण्याची सही व्हायची आणि तो दिवाळीआधी गिऱ्हाईकाकडे जायचा, असे ठरले. वरिष्ठ सुट्टीवर गेले.

पुतण्याने सही केली नाही. का, असे मी विचारले तर त्याला नीट सांगता येईना. "फारच स्वच्छ निकाल होता," एवढेच म्हणाला. मी त्याला अनुभवाचे बोल ऐकवले. म्हटले, अरे, शंभरपैकी शंभर पडल्यावर तपासणाऱ्याशी भांडायला कोण जातो? सही कर आणि आंघोळीला ये. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाने हा सल्ला द्यावा, याची मला पुढे लाज वाटली. भाषेच्या पेपरात शंभरपैकी शंभर दिसले तर मी स्वतः पहिल्यांदा गठ्ठ्याकडे संशयाने पाहतो.

इथे पुतण्याने मला फ्रेंच गयानातली एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर त्याची बेचैनी समजली. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

४ जून १९९६ रोजी कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे नवे अग्निबाण पहिल्यांदा उडाले. पोटात सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या चुंबकीय घडामोडी अभ्यासणारे ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह. सुमारे सदतीस सेकंद सगळे सुरळीत होते. मग अग्निबाण एकदम वळला, हवेच्या माऱ्याने मोडू लागला आणि त्याने स्वतःचा स्फोट करून घेतला. तेव्हा तो चार किलोमीटरही उंच गेला नव्हता. चौकशी समिती बसली. जाक-लुई लिआँ हे गणितज्ञ तिचे अध्यक्ष. जुलैत अहवाल आला. तसा सरकारी अहवाल आपल्याकडे कोणी हौसेने वाचील असे वाटत नाही. पण पुतण्याने त्याचे सार सांगितले तेव्हा मला तो एखाद्या शोकांतिकेसारखा वाटला.

अग्निबाण कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे हे सांगणारे एक उपकरण असते. एरियान-५ मधले हे उपकरण बव्हंशी एरियान-४ मधूनच घेतलेले होते, आणि त्यातले सॉफ्टवेअरही तेच. जुने, अनुभवी, नावाजलेले. त्यात एक काम असे होते की जे एरियान-५ ला उड्डाणानंतर मुळी लागतच नव्हते. एरियान-४ च्या काळी ऐन वेळी मोजणी थांबवावी लागली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून, उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद ते काम चालू ठेवीत. चांगले चालते आहे तर कशाला हात लावा, म्हणून ते तसेच राहिले. आता एरियान-५ हा जवान गडी. त्याचा आडवा वेग एरियान-४ च्या मानाने पाचपट झपाट्याने वाढत होता. त्या वेगाशी निगडित एक आकडा उपकरण मोठ्या भांड्यातून लहान भांड्यात ओतीत असे. लहान भांड्यात ३२७६७ च्या वर मावत नाही. एरियान-४ मध्ये तो आकडा कधीच एवढा होत नव्हता. इथे झाला. भांडे उतू गेले आणि उपकरण बंद पडले. जोडीला राखीव उपकरण होते. पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तेही त्याच कारणाने काही हजारांश सेकंद आधीच बंद पडलेले! बंद पडताना उपकरणाने "मला असे असे झाले" असा निरोप पाठवला. अग्निबाणाच्या मुख्य कॉम्प्युटरने तो निरोप म्हणजेच दिशा असे समजून सुकाणू पूर्ण फिरवले.

पण मला सगळ्यात लागली ती पुढची गोष्ट. उड्डाणापूर्वी जमिनीवर तालमी झाल्या होत्या. मोठी प्रयोगशाळा होती, खोटे आकाश होते, खरा मुख्य कॉम्प्युटर होता. फक्त हे उपकरण तालमीला नव्हते. त्याच्या जागी त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसवलेले होते. उपकरण स्वतंत्रपणे तपासून पसंत झालेले होते, आणि खरे उपकरण तालमीत अचूकपणे गुंतवणे अवघडही होते. अपघातानंतर खरे सॉफ्टवेअर आणि एरियान-५ चा खरा मार्ग एकत्र घेऊन जमिनीवर तालीम केली, तेव्हा उड्डाणात झाले ते जसेच्या तसे घडले.

हे ऐकताना मला आमच्या कॉलेजचे स्नेहसंमेलन आठवले. एका वर्षी नाटकात वडिलांच्या भूमिकेला एक जुने माजी विद्यार्थी घेतले. तीच भूमिका त्यांनी पूर्वी गाजवलेली. "त्यांना तालमीला कशाला त्रास?" म्हणून सगळ्या तालमींत त्यांची वाक्ये प्रॉम्प्टर वाचीत असे. प्रयोगाच्या रात्री गृहस्थ आले आणि जुन्या नाटकाच्या हिशेबाने उजव्या विंगेतून प्रवेशले. आमचे दार डावीकडे होते. उजवीकडे विहीर होती. प्रेक्षक पोट धरून हसले आणि नाटक पार पडले. कुरूला हसण्यासारखे काही उरले नाही. ‘क्लस्टर’चे उपग्रह मात्र पुन्हा बांधले गेले आणि २००० साली सोयूझ अग्निबाणांनी वर नेले. एरियान-५ सुद्धा पुढे नावाजले. जेम्स वेब दुर्बीण २०२१ च्या नाताळात त्यानेच नेली, आणि जुलै २०२३ मध्ये तो सन्मानाने निवृत्त झाला.

तालमीने तारल्याचेही उदाहरण आहे, ते थोडक्यात सांगतो. अपोलो-११ च्या आधी ह्यूस्टनला तालमी चालल्या असताना, तालीम घेणाऱ्यांनी मुद्दाम यानाच्या कॉम्प्युटरकडून एक अनोळखी इशारा देवविला. इशाऱ्याचा अर्थ इतकाच की, कामे फार झाली आहेत, वेळेत उरकत नाहीत. स्टीव्ह बेल्स या तरुण नियंत्रकाने गोंधळून उतरणे रद्द करविले. ते चूक होते. मग सगळ्या इशाऱ्यांची यादी कागदावर काढली गेली. २० जुलै १९६९ ला खऱ्या चंद्रावर खरे यान उतरत असताना तसाच इशारा आला, आणि या वेळी खालून उत्तर गेले, चालू द्या.

आता पुतण्याकडे परत.

नरक चतुर्दशीच्या रात्री त्याने एक उलटा प्रयोग केला. ब्रेकच्या डब्यात दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर काढून पूर्वीचे, ठाऊक असलेले सदोष सॉफ्टवेअर पुन्हा घातले आणि तीच चाचणी लावली. शंभरपैकी तीन नापास व्हायला हवे होते. शंभरच्या शंभर पास! म्हणजे चोर तुरुंगाबाहेर उभा आहे आणि पहारेकरी म्हणतो, सगळे ठीक. पहाटे मला फोनवर "पास व्हायला नको होती" म्हणाला, ते हे.

मग त्याने ऑसिलोस्कोप त्या वायरवरच जोडला. पडद्यावर चाचणी म्हणत होती: वायर तोडली, वायर जोडली, वायर तोडली. ऑसिलोस्कोपवरचा संकेत मात्र अखंड चालला होता. वायर तुटतच नव्हती. जुन्या आवृत्तीतले काम नव्या आवृत्तीत आणताना, वायर तोडणाऱ्या रिलेकडे जाणारा दुवा निखळला होता, कारण नव्या आवृत्तीत त्या रिलेची नोंद वेगळ्या ठिकाणी करायची असते. "तोड" हा हुकूम सुटत होता आणि त्याची नोंदही होत होती. हुकूम पाळला गेला का, हे कोणी पाहत नव्हते. वायर तुटली नाही, म्हणून ब्रेक सुटला नाही, म्हणून चाचणी पास! कागदोपत्री सगळे चोख. स्थलांतर करताना दीड-दोनशे सूचना पडद्यावर आल्या होत्या. त्यांत ही एक पिवळी ओळ होती. माहितीपत्रकातही हा बदल दिलेला होता, एकोणिसाव्या पानावर.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने वरिष्ठांना फोन केला. ते आधी रागावले. साहजिक आहे, गिऱ्हाईकाला शब्द दिलेला, आणि घरी पूजा मांडलेली. पुतण्या म्हणाला, "सर, मी सही करू शकत नाही. सही हवी असेल तर दुसऱ्या कोणाची घ्या." हे वाक्य त्याने मला सांगितले तेव्हा त्याचा आवाज जरा बदलला. नोकरीला दोनच वर्षे झालेली, घरी वडिलांनी नुकतेच फ्लॅटचे कर्ज काढलेले. तासाभराने वरिष्ठ रेशमी कुडत्यातच प्रयोगशाळेत हजर झाले. हातात अनारशांचा डबा. दोघांनी दुवा जोडला आणि आधी सदोष सॉफ्टवेअर चालवले. शंभरात चार नापास. त्या चार नापासांवर वरिष्ठांनी टाळी दिली म्हणे! मग दुरुस्त केलेले घातले आणि चाचणी पाचशे वेळा रात्रभर लावून ठेवली.

पाडव्याला सकाळी निकाल पाहिला. पाचशेत दोन नापास. दुरुस्ती झाली होती, पण पुरती नव्हती. अहवाल गेला नाही; त्याऐवजी गिऱ्हाईकाला दिवाळीच्या शुभेच्छा आणि वाईट बातमी अशी दोन्ही एकाच पत्राने गेली.

भाऊबीजेला स्वारी घरी आली. सौ.ने उरलेले उटणे लावून दुपारी बारा वाजता अभ्यंगस्नान घातले. "झाला का रे दुरुस्त तुझा ब्रेक?" तिने विचारले. "नाही काकू. पण बिघडलेला आहे हे कळले," असे म्हणून तो चकलीला लागला.

जेवताना मीही माझी एक कथा सांगितली. आमच्याकडेही आवृत्ती बदलते. मी पंधरा वर्षे टाइप केलेल्या टिपणांचा जुना फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर उघडेना, म्हणून मी ती सगळी युनिकोडमध्ये करून घेतली होती. कुठे चौकोन नाहीत, कुठे प्रश्नचिन्हे नाहीत. सगळे कसे सुबक. वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, आचार्यांनी आमटीत मीठ जास्त घातले, याचा काही आध्यात्मिक अर्थ आहे का?" रूपांतरात आडव्या रफाराची चंद्रकोर गळून पडली होती आणि माझ्या टिपणांतले सगळे आचारी आचार्य झाले होते. दऱ्यांचा दर्या झाला होता. शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध, अर्थ मात्र चुलीत. मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. सौ. हसली. पुतण्या हसला नाही. चकली हातात धरून म्हणाला, "काका, त्या मुलीने एक दाखवून दिला. टिपणे किती पानांची आहेत?"

"असतील तीनशे."

"आणि बाकीची तुम्ही कशी तपासलीत?"

मी म्हटले, आता तपासतो. गेले वर्षभर रोज रात्री थोडी थोडी वाचतो आहे. परवा एकशे बाराव्या पानावर आणखी एक आचार्य सापडला, पोळ्या लाटीत होता.